घराभोवतीचा कोबा खचलाय: वरून थर द्यायचा की फोडून काढायचा?

बावडेकर | ११ एप्रिल, रात्री १०:१०

मंडळी, नमस्कार. एरवी मी इथं नुसता वाचतो, मिसळीच्या धाग्यावर कधीतरी भांडतो. आज कामाचं विचारायचंय.

आमचं घर कोल्हापूरच्या कसबा बावड्यात, १९९८ सालचं. आधी सगळं उसाचं रान होतं. नंतर प्लॉट पडले आणि बाबांनी सव्वादोन गुंठ्यांत बंगली बांधली. तिन्ही बाजूंनी तीन फूट रुंदीचा काँक्रीटचा कोबा आहे. पुढचा आणि दक्षिणेचा ठीक आहे. उत्तरेचा, म्हणजे स्वयंपाकघरापासून मागच्या मोरीपर्यंतचा साधारण चाळीस फुटांचा पट्टा, पाच-सहा वर्षं खचत चाललाय. कंपाउंडकडची कड जागच्या जागी आणि घराकडची कड खाली. पाऊस आला की सगळं पाणी जोत्याला येऊन टेकतं आणि तिथंच बसतं. जोतं आणि कोबा यांच्यात आता एवढी फट पडलीय की शाळेची पट्टी उभी आत जाते.

गेल्या पावसाळ्यात हॉलच्या भिंतीला आतून दीड फुटापर्यंत ओल आली, रंगाचे पोपडे सुटले. त्यात शेवाळावरून आई घसरली. मनगटावर निभावलं, पण आता यंदा काहीतरी करायचंच.

दोन मिस्त्री येऊन गेले. एक म्हणतो, वरून दोन इंचाचा थर देतो, एका दिवसाचं काम, दिसणार पण नाही खचलं होतं म्हणून. दुसरा म्हणतो, सगळं फोडा आणि पेव्हर ब्लॉक टाका. दोघांनीही चहा घेतला, कोब्यावर पाय आपटून बघितला आणि गेले. कुणाचं ऐकू?

टाकाळ्याचा_टकलू | ११ एप्रिल, रात्री १०:३२

पहिला मिस्त्री आमच्याकडंही येऊन गेला असणार. त्याच्याकडं सगळ्या दुखण्यांवर दोन इंचाचा थर हेच औषध.

निवृत्त_ओव्हरसियर | ११ एप्रिल, रात्री ११:०५

बावडेकर, थर की फोडणे हे नंतर ठरवू. आधी काही गोष्टी बघून सांगा.

स्लॅबवरचे पाणी कुठे पडते? पाइप किती आहेत, आणि त्यांचे तोंड जमिनीपासून किती उंचीवर सोडले आहे?

कोब्यावर पहारेच्या मागच्या टोकाने हलकेच ठोकत जा. भरीव जागी आवाज टणक येतो, खाली पोकळी असली तर डब्यासारखा येतो. खडूने खुणा करा.

खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा निघाल्या आहेत का? दारे अडकू लागली आहेत का? तसे असेल तर हा विषय कोब्याचा नाही, पायाचा आहे. मग धागा बंद करून स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

शेवटचे, उन्हाळ्यात तुमच्या मोकळ्या जागेत जमिनीला भेगा पडतात का, आणि किती रुंद?

बावडेकर | १२ एप्रिल, संध्याकाळी ७:४५

काका, रविवार सत्कारणी लागला.

अख्ख्या स्लॅबचा उतार मागच्या एकाच कोपऱ्याकडं आहे. स्लॅब हजार चौरस फुटांचा. तिथं चार इंची एकच पाइप, आणि त्याचं तोंड कोब्याच्या वर दीड फुटावर उघडं. पाऊस लागला की ढब ढब करत कोब्यावरच आपटतं.

ठोकून बघितलं. त्या कोपऱ्यापासून साधारण बारा फूट डब्यासारखा आवाज. शेजारचा पोरगा म्हणाला, काका ढोलकी वाजवताय का.

तिरक्या भेगा नाहीत, दारं ठीक. जमिनीला भेगा मात्र अशा की मे महिन्यात माझी चावी पडली होती, ती काढायला तार लागली. माती काळीभोर. आईनं त्याच पट्ट्यात कंपाउंडच्या कडेनं कर्दळ आणि अळू लावलंय, त्याला रोज पाणी असतं.

निवृत्त_ओव्हरसियर | १२ एप्रिल, रात्री ९:२०

तुमच्या उत्तरातच सगळे आले आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न नदीकडच्या निम्म्या घरांचा आहे.

काळ्या मातीत जी चिकणमाती असते ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. पावसाळ्यात कोबा उचलते, उन्हाळ्यात खाली सोडते. दरवर्षी तो थोडा थोडा वेडावाकडा बसत जातो. आर. के. नगर, पाचगावकडे मुरमावरची घरे बघा, तिथे हा त्रास फार कमी.

पण तुमची घराकडचीच कड खचली, याचे कारण वेगळे आहे. पाया खोदताना चर भिंतीपेक्षा रुंद काढतात. जोते बांधून झाले की उरलेल्या जागेत निघालेली माती आणि साइटवरची खरमाती ढकलून देतात. थराथराने पाणी मारून धुमस, म्हणजे ठोकून घट्ट बसवणे, कोण करतो? वर कोबा टाकला की झाकले. ही भर पुढे वर्षानुवर्षे बसत राहते, आणि ती बरोबर जोत्याला लागूनच असते. म्हणून कोबा जोत्याकडे कलतो. कंपाउंडकडची कड मूळच्या जमिनीवर आहे, म्हणून ती शाबूत.

आता त्यात तुमचा पाइप. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर एक इंच पाऊस पडला तर होतात जवळपास २,३५० लिटर. म्हणजे दोन हजार लिटरची टाकी भरून वर वाहील एवढे पाणी, एका कोपऱ्यात, उघड्या फटीच्या तोंडाशी. कोल्हापूरचा वर्षाचा पाऊस हजार मिलीमीटरच्या आसपास धरा आणि तुम्हीच गुणाकार करा. हे पाणी फटीतून आत जाते, भरीतली बारीक माती धुऊन नेते, पोकळी वाढते, कोबा आणखी कलतो, आणखी पाणी आत येते. चक्र आहे ते.

त्यामुळे पहिला खर्च कोब्यावर नाही, पाइपवर करा. उद्या कोबा सोन्याचा केलात तरी पाइप तिथेच ओतत राहिला तर दहा वर्षांनी हाच धागा पुन्हा वर येईल.

शिकागोत_रुतलेला | १२ एप्रिल, रात्री ११:५८

मूळचा मंगळवार पेठेतला, सध्या शिकागोजवळ. इकडं हा प्रकार घरोघरी आहे, फक्त कारण वेगळं. हिवाळ्यात जमिनीतलं पाणी गोठून फुगतं आणि काँक्रीट उचलतं, वितळलं की बसतं. पायवाट खचली तर इथं शक्यतो फोडत नाहीत. काँक्रीटला दीड-दोन इंचाची भोकं पाडतात, खाली सिमेंट आणि मातीचा पातळ गारा दाबानं भरतात, लादी अख्खीच्या अख्खी वर उचलली जाते. आता पॉलियुरेथेन फोम पण आलाय. त्याला जेमतेम पाऊण इंचाची भोकं पुरतात, फोम आत फुगतो आणि थोड्याच वेळात त्यावरून चालता येतं. मागच्या वर्षी माझी गॅरेजसमोरची लादी एका सकाळीत उचलून दिली. मी कॉफी संपवतोय तोवर झालं.

कोल्हापुरात कुणी करत नाही का?

टाकाळ्याचा_टकलू | १३ एप्रिल, सकाळी ८:०२

आमच्याकडं फुगणारी गोष्ट म्हणजे बिल.

साइटवरचा_भैरू | १३ एप्रिल, दुपारी १:३०

मी सिव्हिलवाला, कारखान्यांच्या शेडची कामं करतो. फोमचं काम आपल्याकडं होतं, पण गोदामाच्या मोठ्या फरशांना. गाडी, पंप, माणसं बाहेरून आणून चाळीस फूट कोबा उचलायचा म्हणजे मुंगीसाठी क्रेन.

आणि परवडलं तरी बावडेकरांच्या केसमध्ये मी नको म्हणेन. लादी उचलायला लादी एकसंध लागते. आपले कोबे बहुतेक तीन इंचाचे, बिनसांध्याचे, आपल्याआपण तुटून दहा तुकडे झालेले. एक तुकडा उचलला की शेजारचा वाकडा. शिवाय खाली फुगणारी माती तशीच राहते. शिकागोदादा, तुमच्याकडं लादीच्या खाली निदान खडीचा थर असतो. इथं कोबा फोडला की थेट माती दिसते, कधी सिमेंटची रिकामी पोती दिसतात.

शिकागोत_रुतलेला | १३ एप्रिल, रात्री ११:४०

पटलं. मग इथल्या घरबांधणीच्या नियमातलं एक सांगतो, ते कुठंही चालेल. घराच्या भिंतीपासून पहिल्या दहा फुटांत मातीचा उतार सहा इंच हवा. काँक्रीट किंवा फरशी असेल तर किमान शंभराला दोन.

निवृत्त_ओव्हरसियर | १४ एप्रिल, सकाळी ६:५०

शंभराला दोन म्हणजे आपल्या गवंड्याच्या भाषेत फुटाला दोन सूत. आठ सुतांचा एक इंच. तीन फुटांच्या कोब्याला सहा सूत, म्हणजे पाऊण इंच. मिस्त्रीला टक्केवारी सांगू नका, तो मान डोलावेल आणि नजरेने करेल. सूत सांगा आणि लेव्हल पाइपने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) दाखवून घ्या.

शुक्रवारपेठकर_ताई | १४ एप्रिल, दुपारी ३:१५

बावडेकर, दोन इंची थराबद्दल माझा अनुभव सांगते, मग ठरवा.

आमच्या माहेरी सासने ग्राउंडच्या बाजूला असाच कोबा बसला होता. भावाने वरून थर दिला. मिस्त्रीने खालचा कोबा धुतलासुद्धा नाही, शेवाळावरच माल ओतला. पहिल्या वर्षी छान दिसला. दुसऱ्या उन्हाळ्यात कडेचे पापुद्रे उचकटले, कारण उतार जुळवायला एका बाजूला दोन इंच आणि दुसऱ्या बाजूला शून्य असा माल नेला होता. शून्याकडची कड टिकेल कशी? तिसऱ्या वर्षी थर आणि खालचा कोबा दोन्ही मिळून आणखी खाली गेले. वर वजन वाढवलं आणि खाली पोकळ, दुसरं काय होणार.

सगळ्यात वाईट वेगळंच झालं. थरामुळे कोबा वर आला आणि जोत्याची उंची तेवढी कमी झाली. मोरीच्या दाराचा उंबरा आधीच ठेंगणा. मोठ्या सरीला पाणी उंबऱ्यावरून आत. वहिनी पोतं लावून बसायची.

थर द्यायचाच तर खालचा कोबा भरीव हवा, टाचून खरखरीत केलेला हवा, आणि जाडी कुठेही दीड-दोन इंचांखाली नको. तुमचा तर डब्यासारखा वाजतोय. विसरा.

रमणमळ्याचा_नाना | १४ एप्रिल, रात्री ९:००

एक गोष्ट कुणी बोललंच नाही. घूस!

२०१९ ला आमच्या घरात चार फूट पाणी होतं. २०२१ ला परत. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट गाठले की आम्ही सामान माळ्यावर न्यायला लागतो, ते सोडा. पण पूर ओसरल्यावर आठ-पंधरा दिवसांनी कोबा बसायला लागला. पाणी वर चढताना काही करत नाही हो, उतरताना भरीतली माती सोबत घेऊन जातं. जिथं घुशीची बिळं, तिथून सगळ्यात जास्त. आमच्या कोब्याखाली हात घातला तर कोपरापर्यंत गेला.

कोबा फोडाल तेव्हा बिळं शोधा आणि नुसती माती ढकलू नका. खडी, काचा आणि सिमेंटचा माल कोंबून बंद करा. नाहीतर घूस नवीन कोब्याखाली नवीन संसार मांडती.

बावडेकर | १५ एप्रिल, रात्री ८:३०

नाना, आमच्याकडं घूस आहेच. अळवाच्या वाफ्यात तिचं तोंड दिसतं. बाबा तिला भाडेकरू म्हणतात.

थर रद्द. फोडायचं ठरलं. आता कोबा की पेव्हर ब्लॉक? बायकोला ब्लॉक आवडलेत, लाल आणि करडे.

साइटवरचा_भैरू | १५ एप्रिल, रात्री ९:१०

ब्लॉक टाका की. काळ्या मातीत काहीही टाकलं तरी थोडं हलणारच. ब्लॉक खचला तर चार ब्लॉक उचलायचे, ग्रिट (बारीक खडीची कच) भरायची, परत बसवायचे. खाली पाइपलाइन गळली तरी फोडाफोड नाही. कोबा एकदा गेला की गेला.

निवृत्त_ओव्हरसियर | १५ एप्रिल, रात्री ९:५५

भैरू, गेटपासून पोर्चपर्यंत टाका ना ब्लॉक, कोण नाही म्हणते. जोत्याला लागून मात्र नको. ब्लॉकच्या सांध्यांतून पाणी खाली जाते, आणि आपली सगळी धडपड जोत्याजवळच्या मातीत पाणी जाऊ नये यासाठी आहे. ब्लॉकखालच्या ग्रिटमधून पाणी आडवे फिरते आणि शेवटी पायाच्या चरातच उतरते. वर कोरडे दिसते, खाली तळे.

साइटवरचा_भैरू | १५ एप्रिल, रात्री १०:०४

ब्लॉकच्या खाली तीन इंच पीसीसी (बिनसळईचं साधं काँक्रीट) करून उतार दिला तर?

निवृत्त_ओव्हरसियर | १५ एप्रिल, रात्री १०:१२

मग तो कोबाच झाला, वर दागिने घातलेला. खर्च दोनदा.

शुक्रवारपेठकर_ताई | १५ एप्रिल, रात्री १०:३०

वहिनींना सांगा, पुढे अंगणात लाल-करडे घाला. स्वयंपाकघराच्या मागे कोण बघायला येतंय.

बावडेकर | १९ एप्रिल, संध्याकाळी ६:२०

बायको तयार झाली (पुढच्या अंगणाच्या अटीवर). आता नवीन अडचण.

लेव्हल पाइप आणून मोजमाप केलं. आमच्या घरासमोरचा रस्ता दरवेळी जुन्या डांबरावर नवीन डांबर घालून उंच झालाय. आता तो गेटच्या फरशीपेक्षा चार इंच वर आहे. घर बांधलं तेव्हा आम्ही रस्त्याच्या वर होतो, आता खाली. म्हणजे उतार द्यायचा तरी कुठं?

निवृत्त_ओव्हरसियर | १९ एप्रिल, रात्री ८:४०

रस्त्याची उंची मोजू नका. रस्त्याकडेच्या गटरचा तळ मोजा. पाणी तिथे जायचे आहे.

बावडेकर | १९ एप्रिल, रात्री ९:३५

बॅटरी घेऊन मोजून आलो, कुत्री मागं लागली. गटरचा तळ मागच्या कोपऱ्यातल्या कोब्यापेक्षा सात इंच खाली आहे. अंतर चाळीस फूट.

निवृत्त_ओव्हरसियर | १९ एप्रिल, रात्री १०:००

मग तुम्ही सुदैवी आहात. चाळीस फुटांत सात इंच म्हणजे जवळपास सत्तरास एक. शंभरास एक मिळाला तरी पाइपचे पाणी चांगले पळते.

असे करा. कोब्याचा आडवा उतार घराकडून कंपाउंडकडे, फुटाला दोन सूत. कंपाउंडच्या कडेने सहा इंची उघडा चर, त्यातले पाणी पुढे गेटकडे. कर्दळ आणि अळू तिथून हलवा, आईंना पुढे वाफा करून द्या. स्लॅबच्या पाण्याला या चरात सोडू नका. त्याला वेगळा बंद पीव्हीसी पाइप, कोपऱ्यात एक चेंबर, तिथून कोब्याखालून गेटच्या रॅम्पखालून थेट गटरात. चेंबरला जाळी ठेवा, पाला अडकला तर काढता येईल. आणि हे पाणी मैल्याच्या ड्रेनेज चेंबरला अजिबात जोडू नका. पावसात ड्रेनेज तुंबते आणि मग ते कुठून उलटे येते हे वेगळे सांगायला नको.

ज्यांचे गटरच उंच आहे त्यांना खड्डा काढून छोटा पंप बसवण्यावाचून मार्ग नाही. कोणी म्हणेल शोषखड्डा करा. काळ्या मातीत पाणी जिरायला फार वेळ लागतो, भरला की तसाच बसतो. करायचाच तर घरापासून लांब.

बावडेकर | २० एप्रिल, सकाळी ७:३०

कोब्याखाली काय भरायचं? मिस्त्री म्हणतो, निघालेलीच माती परत भरू, चांगली धुमसू.

निवृत्त_ओव्हरसियर | २० एप्रिल, सकाळी ७:५५

नाही. काळी माती कितीही धुमसा, ती पाऊस बघून फुगणारच. काळी माती काढून तिच्या जागी न फुगणारी पण एकजीव बसणारी माती भरणे, यावर आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी मोठे काम केले आहे. कालव्यांसारख्या कामांत हा थर मीटरभर घेतात. तुमच्या पायवाटेला तेवढे नको. एक फूट काळी काढा, तिथे चांगला मुरूम भरा. चार-चार इंचांचे तीन थर, प्रत्येक थरावर पाणी शिंपडून धुमस. पाणी ओतायचे नाही, शिंपडायचे. मूठ वळून लाडू झाला पाहिजे आणि हाताला चिखल लागता कामा नये.

नदीची किंवा क्रशची नुसती वाळू भरू नका. वाळू पाणी धरून ठेवते आणि खालच्या काळ्या मातीला पाजत राहते.

चाळीस बाय तीन बाय एक, म्हणजे १२० घनफूट. धुमसल्यावर बसतो, म्हणून दीड ब्रास (दीडशे घनफूट) मुरूम मागवा. वर चार इंच काँक्रीट, ते झाले ४० घनफूट. एकास दीडास तीन या प्रमाणात सिमेंट नऊ पोती लागेल, दहा आणा. वाळू सतरा-अठरा घनफूट, खडी त्याच्या दुप्पट.

दोन गोष्टींवर मिस्त्री वाद घालेल, ऐकू नका. पहिली, कोबा जोत्याला चिकटवायचा नाही. मध्ये अर्ध्या इंचाची थर्माकोलची पट्टी उभी ठेवा. नंतर वरचा भाग खरवडून सीलंट भरा. कोबा वर-खाली होणार, जोते होणार नाही, दोघांना बांधलेत तर फट आपली जागा शोधून घेते. दुसरी, दर साडेतीन-चार फुटांवर आडवा सांधा. नऊ सुतांपेक्षा कमी खोल नको. सांधा नाही दिलात तर काँक्रीट स्वतः देईल, पण त्याला हवा तिथे.

टाकाळ्याचा_टकलू | २० एप्रिल, सकाळी ९:१५

ओव्हरसियर काका, चार इंचाच्या कोब्याला नऊ सूत म्हणजे सव्वा इंचापर्यंत पण जात नाही. नववीतलं गणित आठवलं.

निवृत्त_ओव्हरसियर | २० एप्रिल, सकाळी ९:४०

बरोबर आहे, एक इंच एक सूत. जाडीच्या चौथ्या हिश्श्याहून थोडे जास्त. आपले डोके शाबूत आहे, फक्त वरचे आच्छादन गेले आहे.

बावडेकर | ९ मे, रात्री १०:४५

काम झालं. थकलोय, पण लिहितो.

चार तारखेला फोडायला सुरुवात. ब्रेकर भाड्यानं आणला होता, पण त्या बारा फुटांत पहारेचा एक फटका पुरला. लाद्या पापडासारख्या निघाल्या. खाली वीतभर पोकळी. त्याखाली विटांचे तुकडे, सिमेंटची कुजलेली पोती, मंगलोरी कौलांची खापरं आणि एक अख्खं घमेलं. बाबा म्हणाले, हे घमेलं आपण १९९८ ला मिस्त्रीकडं मागत होतो.

नाना, बीळ सापडलं. दोन तोंडं, एक अळवात आणि एक पार जोत्याच्या दगडाला लागून. आत नारळाच्या शेंड्या, प्लास्टिकच्या पिशव्या आणि बाबांच्या कोल्हापुरी चपलेचा अंगठा. भाडेकरू बाई घरी नव्हत्या. तुम्ही सांगितल्यासारखं काचा-खडी-माल कोंबून बंद केलं.

मुरमाचा पहिला ट्रॅक्टर आला त्यात निम्मी मातीच होती. परत पाठवला. ड्रायव्हर मला काय काय म्हणाला ते इथं लिहिता येत नाही. दुसरा चांगला लाल आला. तीन थर घातले, प्लेट कॉम्पॅक्टर एक दिवसासाठी आणला. मिस्त्री आधी हसत होता, तिसऱ्या थराला त्यानं स्वतःच मशीन हातात घेतलं.

काल काँक्रीट. हाफ बॅग मिक्सर. माल घट्ट आहे, थापीला येत नाही म्हणून त्याचा पोरगा पाइपच घेऊन उभा. मी बादली मोजून घालायला लावली, एका पोत्याला पंचवीस लिटरच्या वर जाऊ दिलं नाही. दुपारी तीनला शेवटचा तुकडा ओतला आणि साडेचारला ज्योतिबाच्या बाजूनं आभाळ काळं झालं. वळीव! गारांसकट! ताडपत्री एकच. आम्ही घरातली मेणकापडं, बाबांचा रेनकोट, शेजाऱ्यांच्या ट्रकची ताडपत्री, सगळं घेऊन पळालो. दोन फूट पृष्ठभागावर गारांचे वण उठलेत, बाकी वाचलं. त्यावर मिस्त्रीनं खराटा आडवा फिरवला, आता सगळाच खरखरीत आहे. आईचा पाय घसरायचा नाही.

शुक्रवारपेठकर_ताई | १० मे, सकाळी १०:२०

गारांचे वण तसेच ठेवा, आठवण राहील. पाणी किती दिवस मारणार?

बावडेकर | १० मे, सकाळी १०:५०

मिस्त्री म्हणतो तीन दिवस बास.

निवृत्त_ओव्हरसियर | १० मे, सकाळी ११:१५

तुमच्या पोत्यावर पीपीसी लिहिले असेल, हल्ली तेच मिळते. अशा मिश्र सिमेंटला भारतीय मानकाप्रमाणे किमान दहा दिवस. हे मे महिन्याचे ऊन आहे. गोणपाट अंथरा आणि ते ओले ठेवा. सकाळ-संध्याकाळ नुसता पाइप फिरवून दुपारभर कोरडे, असे नको.

टाकाळ्याचा_टकलू | १० मे, सकाळी ११:३०

एक दिवसाआड नळाला पाणी येणाऱ्यांनी काय करायचं?

निवृत्त_ओव्हरसियर | १० मे, सकाळी ११:४२

गोणपाटावर प्लास्टिक अंथरायचे. एका घागरीत दिवस निघतो.

बावडेकर | २८ जून, रात्री ९:१५

पाऊस लागून तीन आठवडे झाले. आठवडाभर संततधार होती. रिपोर्ट देतो.

उत्तरेचा कोबा पाणी धरत नाही. पाऊस थांबला की दहा मिनिटांत निथळतो. स्लॅबचं पाणी चेंबरमधून गटरात जाताना ऐकू येतं. बाबा रात्री उठून बॅटरीनं गटरात बघतात, धार चालू आहे ना म्हणून. जोत्याजवळचं सीलंट एका जागी सुटलंय, तिथं थर्माकोल नीट खरवडला नव्हता. उघडीप मिळाली की परत भरणार.

भिंतीची ओल मात्र गेली नाही. दीड फूट होती, ती अजून तेवढीच दिसते. मिस्त्री म्हणतो वॉटरप्रूफ पेंट मारून टाका.

निवृत्त_ओव्हरसियर | २८ जून, रात्री ९:५०

मारू नका. भिंतीत वर्षांचे पाणी मुरले आहे, ते हवेला निघू द्या. रंग मारून कोंडलेत तर ओल आणखी वर चढेल. सुटलेले पोपडे खरवडा, खिडकी उघडी ठेवा, ओल जिथे संपते तिथे पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा. दिवाळीत बघू.

बावडेकर | २८ जून, रात्री १०:०५

आणखी एक. आता आमचा कोबा कोरडा राहतो म्हणून दिसायला लागलं की शेजारच्यांचा गच्चीचा पाइप कंपाउंडवरून आमच्या चरात पडतो. इतकी वर्षं लक्षातच आलं नव्हतं. कालच्या सरीत त्यांच्या पाण्यानं चर काठोकाठ भरला. शेजारी म्हणजे वळिवात ताडपत्री देणारेच. काय बोलणार?

वकिलीण_राजारामपुरी | २९ जून, सकाळी ८:४५

१८८२ च्या ईझमेंट (दुसऱ्याच्या जमिनीवरच्या हक्कांच्या) कायद्यानुसार वरच्या जमिनीवरचं पाणी नैसर्गिक उतारानं खालच्या जमिनीत आलं तर खालच्याला अडवता येत नाही. पण गच्चीचं पाणी पाइपात गोळा करून दुसऱ्याच्या हद्दीत सोडणं वेगळं. आता व्यवहाराचा सल्ला. नोटीस-बिटीस काही नको. त्यांच्या पाइपला एक कोपर आणि दहा फूट लांबीचा तुकडा लागेल. तुम्हीच आणून द्या. ताडपत्रीची परतफेड.

रमणमळ्याचा_नाना | २९ जून, सकाळी ९:३०

वकीलबाईंनी पहिल्यांदाच भांडण कमी केलं.

बावडेकर | १४ नोव्हेंबर, रात्री ८:५०

ओव्हरसियर काका, दिवाळी झाली. रेघ बघितली. ओल रेघेच्या सात बोटं खाली उतरलीय. हॉलमध्ये कुबट वास नाही.

कोब्यावर एका सांध्यात केसासारखी चीर आहे, सांध्याच्या आतच. जोत्याकडची फट मोजली, मे महिन्यात होती तेवढीच. पाइपचं कोपर शेजारच्या काकांनी स्वतःच बसवलं, आमच्याकडून पैसे घेतले नाहीत, चकल्या घेतल्या. एकच राहिलं. तुळशी वृंदावनाजवळ पुढच्या जुन्या कोब्यावर तांब्याभर पाणी साचतं. ते आता बायकोच्या लाल-करड्या ब्लॉकच्या कामात निघेल.

आणि घूस परत आलीय. यावेळी शेजाऱ्यांकडं.

निवृत्त_ओव्हरसियर | १४ नोव्हेंबर, रात्री ९:२५

सात बोटे उत्तम. फट पुन्हा एप्रिलअखेरीस मोजा, माती तेव्हा सगळ्यात आकसलेली असते. तोवर चेंबरची जाळी साफ ठेवा.

गगनबावड्याची_पोर | १५ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

अख्खा धागा वाचला, फार उपयोगी. आमच्याकडं घर जांभ्याचं, माती तांबडी आणि पाऊस तुमच्या पाचपट. कोबा नाहीच, जोत्याभोवती नुसती पागोळ्यांनी पडलेली घळ आहे. तिथं हेच सगळं चालेल का?

निवृत्त_ओव्हरसियर | १५ नोव्हेंबर, सकाळी ७:३५

नाही चालणार. जांभ्याचे सगळेच वेगळे. नवीन धागा काढा आणि पागोळी जोत्यापासून किती अंतरावर पडते ते आधी मोजून ठेवा.